तिसऱ्या मजल्यावरची सायकल

सोलांज फोर्तिएची नोकरी दिवसातून तीनदा सुरू व्हायची आणि तीनदा संपायची. सकाळी मुलं शाळेत येताना, दुपारी जेवायला घरी जाऊन परतताना आणि शेवटी शाळा सुटताना ती विलरे भागातल्या एका चौकात उभी राहायची. अंगात पिवळंधम्मक जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात ‘थांबा’ची पाटी. तिने पाटी उचलली की सिमेंटचे ट्रकसुद्धा गपगुमान उभे राहत. इतक्या वर्षांत तिच्या चौकात एकाही पोराला साधं खरचटलं नव्हतं, आणि ही गोष्ट ती कोणालाही, न विचारता, सांगत असे.

मधल्या वेळात ती घरी यायची. घर प्लातो भागात, म्हणजे चौकापासून चांगलंच लांब. मध्ये रेल्वेचे रूळ आणि त्या रुळांखालून जाणारा रस्ता. बसने जायचं तर दोनदा बदलावी लागते, आणि दुसरी बस येईपर्यंत बाईमाणसालाही दाढी फुटावी. म्हणून सायकल. “एवढे हेलपाटे घालण्यापेक्षा शाळेजवळ कुठे कॉफी पीत बसत जा की,” असं बरेच जण सुचवायचे. त्या सुचवणाऱ्यांनी तिची मागची बाल्कनी पाहिलेली नव्हती. तिथून कपड्यांची दोरी कप्पीवरून गल्लीपलीकडच्या खांबापर्यंत जाते, खाली सगळ्यांची स्वयंपाकघरं दिसतात, कोण काय शिजवतंय ते वासावरून कळतं. उन्हाळ्यात टोमॅटोची रोपं, हिवाळ्यात बर्फावर ठेवलेलं सुपाचं पातेलं. दुपारी पिवळ्या वाटाण्याचं सूप गरम करून, पाय खुर्चीवर ठेवून, ती तिथे बसली की तिला जगात कोणाचा हेवा वाटत नसे. लग्न होऊन ती याच घरात आली, नवरा गास्तों याच घरातून गेला, मुलगी जोझियान याच घरात वाढली. सोलांज सुखी होती आणि ते तिला माहीत होतं. हे दुसरं फार कमी लोकांच्या नशिबी येतं.

प्रश्न होता तो जिन्याचा. आमच्याकडे पूर्वीच्या लोकांनी जिने घराबाहेर काढून ठेवले. का काढले, याची कारणं जो तो वेगवेगळी सांगतो. त्रास मात्र सगळ्यांना सारखा. लोखंडी जिना फुटपाथवरून उठतो, मध्येच कंबरेत मुरडतो आणि दुसऱ्या मजल्याच्या पुढच्या बाल्कनीवर पोचतो. तिथे दोन दारं. डावं अर्माँचं, उजवं सोलांजचं. आणि सोलांजचं दार उघडलं की समोर घर नाही, आणखी एक जिना. हा आतला, लाकडी, अरुंद आणि अंगावर येणारा. तो चढलात की मग घर. सायकल खाली ठेवायची सोय नाही, कारण आमच्या रस्त्यावर खाली ठेवलेली सायकल ही सार्वजनिक मालमत्ता समजली जाते. त्यामुळे प्रत्येकाची सायकल त्याच्याबरोबर वर राहते.

सोलांजची सायकल गास्तोंची होती. काळी, पोलादी, मागे तारेची टोपली. उचलली की वाटावं, गास्तोंही वर बसलाय. दिवसातून तीनदा ती हे धूड वर न्यायची आणि तीनदा खाली आणायची. बर्फाचे महिने ती मेट्रोने काढी. पण यंदा एप्रिलमध्ये, बर्फावर घसरू नये म्हणून रस्त्यावर टाकलेली वाळू झाडली गेल्यावर तिने सायकल बाहेर काढली आणि पहिल्याच आठवड्यात उजवा गुडघा म्हणाला, बाई गं, आता बास.

त्या दुपारी ती जिन्याच्या वळणावर दोनदा टेकली. शेवटी वैतागून सायकल पुन्हा खाली नेली, कुंपणाला कुलूप लावलं आणि रिकाम्या हातांनी वर गेली. सूप गरम झालं, तिने ते प्यायलं, खाली आली, तर कुंपणाला फक्त कुलूप होतं, तेही तुटलेलं. टॅक्सी मिळेपर्यंत शाळा सुटून गेली होती. ती धापा टाकत चौकात पोचली तेव्हा कोण्या मुलीचे वडील बाबागाडी आडवी घालून गाड्या थांबवत होते आणि पोरं त्यांच्यामागून पळत होती. कोणी तिला एका शब्दाने बोललं नाही. पण तिचं तोंड एवढंसं झालं. घरी आल्यावर तिने लेकीला फोन केला आणि तिथेच चुकली.

“आई, पुरे झालं आता,” जोझियान म्हणाली. ती नदीपलीकडे लाँगेयला राहते. “किती वेळा सांगितलं, माझ्याकडे खालचा अर्धा मजला रिकामा पडलाय. एक पायरी नाही तिथे. एक!”

“तळघर आहे ते.”

“अर्धं तळघर आहे. खिडक्या आहेत त्याला.”

“खिडकीतून काय दिसतं? लोकांचे बूट.”

“तुझ्या गुडघ्याला बूटच बघू देत. तू एप्रिलअखेर घरमालकाला लिहून दे, मी जुलैत ट्रक आणते.”

आमच्याकडे जवळपास सगळ्यांचे भाडेकरार जूनअखेर संपतात, आणि एक जुलैला अर्धं शहर गाद्या नि फ्रिज घेऊन दुसऱ्या अर्ध्या शहराच्या घरात शिरतं. राहायचं असेल तर भाडेकरूने काहीच करायचं नसतं. गप्प बसलं की करार पुढे चालू. जायचं असेल तरच लिहून द्यायचं. सोलांजला गप्प बसायला कधीच जमलेलं नव्हतं, पण या एका बाबतीत ती वर्षानुवर्षं गप्प बसत आली होती.

“जोझी, सायकल चोरीला गेलीये. घर नाही गेलेलं.”

“म्हणजे दुसरी घेणार? आणि ती काय उडत वर जाणार?”

“हलकी घेईन. हल्ली फार हलक्या मिळतात म्हणे.”

जोझियान म्हणाली, “ठीक आहे. महिना संपायच्या आत तुझी ती नवी सायकल माझ्यासमोर वर नेऊन दाखव. कोणाचा हात न लागता, मध्ये न टेकता. जमलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर लिहून द्यायचं.”

“ठरलं,” सोलांज म्हणाली आणि फोन ठेवल्यावर हिशेब करत बसली. लाँगेयला गेलं की चौकही गेला. नदीपलीकडून दिवसातून तीनदा कोण येणार? मग काय करायचं, बूट मोजत बसायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी संपवून ती चौकापासून दोन गल्ल्यांवर असलेल्या सायकलच्या दुकानात शिरली. दुकान चालवणारी ओरियान पंचविशीची, वेणी घातलेली, कोपरापर्यंत काळी झालेली मुलगी. तिने जाकीट ओळखलं.

“अगंबाई, चौकातल्या मादाम! बोला, कशी सायकल हवी?”

“हलकी आणि वेगवान.”

“दोन्ही एकदम?”

“दोन्ही. जड आणि संथ मी स्वतःच आहे.”

ओरियान खळखळून हसली. मग तिने किती लांब जायचं, रस्ता कसा, चढ कुठे, हे सगळं नीट विचारून घेतलं. छताला टांगलेल्या वजनकाट्याच्या आकड्याला ती एकेक सायकल अडकवून दाखवू लागली. काटा हले, सोलांज मान हलवी. शेवटी ओरियानने आतून एक काळी, बिनचमकीची सायकल आणली. आजकाल कसल्या तरी धाग्यांपासून बनवतात ती. काट्याला लावली तर काटा हलला की नाही ते नीट कळेना. सोलांजने ती दोन बोटांवर उचलली आणि तिच्या तोंडून एक शब्द गेला तो शाळेजवळ उच्चारण्यासारखा नव्हता.

“हीच.”

“थांबा मादाम, आधी चालवून तर बघा. आज दिवसभर घेऊन जा, मी ओळखपत्र ठेवून घेते.”

“चालवून काय बघायचंय? मला उचलायचीये.”

पण चालवली, आणि मग तिचं भानच हरपलं. पायडलवर पाय ठेवला की सायकल निघालेलीच असे. रुळांखालच्या रस्त्यावर ती उतारावरून सुसाट खाली गेली आणि पलीकडच्या चढावर, जिथे गास्तोंच्या सायकलवरून ती दरवेळी उतरून चालायची, तिथे एका दाढीवाल्या तरुणाला मागे टाकून वर आली. तरुणाने वळून पाहिलं. सोलांजने घंटी वाजवली, म्हणजे वाजवायला गेली, पण घंटी नव्हतीच, तर तोंडाने “ट्रिंग” म्हणाली. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच मोठ्याने हसली. एकसष्टाव्या वर्षी आपण वेगाने जाऊ शकतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्याच आनंदात ती घरापाशी पोचली. पुढच्या बाल्कनीत अर्माँ नेहमीप्रमाणे ब्लँकेट पांघरून कॉफी पीत बसला होता. हा निवृत्त छपाईवाला. बायको गेल्यापासून त्याचा सगळा वेळ त्या खुर्चीत जातो आणि रस्त्यावर काय घडलं याची बातमी पेपरआधी त्याच्याकडे असते. तीस वर्षांचा शेजार, पण दोघं एकमेकांना अजून अहोजाहो करतात. भांडताना बरं पडतं.

“नवी वाटतं, मादाम सोलांज?”

“पिसासारखी आहे. बघाच आता.”

अर्माँने कॉफी खाली ठेवली आणि बघितलं. सोलांजने सायकल खांद्यावर घ्यायला चौकटीत हात घातला, तर खांदा आत जाईना. हिची वरची नळी मागे उतरती होत गेलेली, त्यामुळे मधली जागा अगदी चिंचोळी. बाटलीचा कप्पा तर बरगडीतच घुसला. खांद्याचा नाद सोडून तिने सायकल दोन्ही हातांनी समोर धरली आणि चढायला लागली. वजन काहीच नव्हतं, पण तो बिनवजनाचा पदार्थ आपल्या मनाचा मालक होता. पुढचं चाक गर्रकन फिरून हनुवटीवर आपटलं. आणि वळणावर पोचल्यावर रुंद हँडलचं एक टोक या कठड्यात, दुसरं त्या कठड्यात अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. सोलांज सायकलच्या मागे, सायकल जिन्याच्या पोटात.

“मादाम,” वरून अर्माँने अदबीने विचारलं, “वर येताय की खाली जाताय? तसं मला कॉफी करायला आत जाता येईल.”

“तुम्ही गप्प बसा!”

“मी गप्पच आहे. पोस्टवाल्याला मात्र वर यायचंय.”

खरंच, खाली पोस्टमन उभा होता आणि तो सभ्यपणे आकाशाकडे बघत होता. शेवटी हँडल वाकडं करून, एक बोट चेंगरून घेऊन, ती उलट्या पावलांनी खाली उतरली. दिसतं तसं नसतं म्हणूनच जग फसतं, पण दोन बोटांवर उचलून बघितल्यावरही फसावं म्हणजे कमाल झाली. आमच्याकडची माणसं हाच घोटाळा करतात. सायकल निवडायची रस्ता बघून नि काटा बघून, आणि मग ती राहणार कुठे, तर जिन्यावर!

त्या दिवशी सूप झालं नाही. सोलांज जिन्याच्या तळाच्या पायरीवर सायकल राखत बसली, पिशवीतला पाव कोरडाच चावला आणि तिला एकदम रडू आलं. वजनाने हरली असती तर चाललं असतं, म्हातारपण म्हणून सोडून दिलं असतं. पण इतकी हलकी वस्तूसुद्धा आपल्याला वर नेता येत नाही म्हणजे जोझीचंच खरं, असं तिच्या मनाने घेतलं.

शाळा सुटल्यानंतर तिने सायकल परत केली.

“काय झालं? चढाला त्रास झाला?” ओरियानने विचारलं.

“रस्त्यावर राणी आहे ती. जिन्यात गाढव आहे.” आणि तिने सगळी हकीकत सांगितली, पोस्टमनसकट.

ओरियान हसता हसता थांबली. तिला त्यात काहीतरी दिसलं असावं. “मी आजवर रस्त्यासाठी सायकली विकल्या. जिन्यासाठी कोणी मागितलीच नाही. मादाम, तुमचा जिना मला बघायचाय. रविवारी येऊ?”

“ये. पण एकच सायकल घेऊन येऊ नको.”

रविवारी सकाळी ऊन पडलं होतं. ओरियान पुढे मोठी पेटी असलेली मालवाहू सायकल हाकत आली, पेटीत दोन सायकली. रविवार, ऊन आणि फुकटचा तमाशा म्हटल्यावर समोरच्या तिन्ही मजल्यांवरच्या बाल्कन्या भरल्या. अर्माँने तर आतून दुसरी खुर्ची आणून ठेवली, कोणासाठी ते त्यालाच माहीत. आणि नेमकी त्याच वेळी रिकाम्या खोक्यांनी भरलेली गाडी घेऊन जोझियान पोचली.

“हे काय चाललंय?”

“परीक्षा,” सोलांज म्हणाली. “तू खोकी आत्ताच आणलीस? निकालाआधी?”

“फुकट मिळाली म्हणून आणली,” जोझियान म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

पहिली घडीची सायकल निघाली. मिटल्यावर सुटकेसएवढी. वळणावरून ती विनातक्रार गेली, पण हातात लोंबकळत असल्याने प्रत्येक पायरीला नडगीवर ठोसा देत गेली. सोलांज दुसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा तिने वाटेत त्या सायकलीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. “शिवाय हिच्या चाकांचा जीव केवढा! त्या चढावर मला पोरं चालत मागे टाकतील,” असं म्हणून तिने ती खाली पाठवली.

“दुसरीचं आधीच सांगते,” ओरियान म्हणाली. “त्या काळ्या सायकलीपेक्षा ही जड आहे. थोडीथोडकी नाही, हाताला कळेल इतकी. जुन्या घाटाची आहे, पण बारीक नळीची.”

सायकल निळी होती, सडपातळ, वरची नळी आडवी सरळ, हँडल अरुंद. सोलांजने खाली वाकून उजवा हात चौकटीतून घातला आणि उभी राहिली. नळी खांद्यावर बसली. तिने पुन्हा जरा हलवून पाहिली, तर ती आणखी नीट बसली. हाताने पुढचं हँडल धरलं, तसं चाक मुकाट्याने गप्प झालं. साखळी बाहेरच्या बाजूला, त्यामुळे जाकिटाला काळं लागायचं नाही. आणि मुख्य म्हणजे डावा हात मोकळा, कठडा धरायला. गुडघ्याचा भार त्या हाताने घेतला. कुठल्याच काट्यावर हे दिसलं नसतं.

ती चढू लागली. वळण आलं. सोलांजने अंग जरासं तिरकं केलं, अरुंद हँडल दोन्ही कठड्यांमधून अलगद निघालं. ती थांबली नाही. अर्माँ उठला, त्याने तिच्या दाराकडे हात नेला, तशी जोझियान खालून ओरडली, “हात लावायचा नाही, मस्यू अर्माँ!”

“दाराला लावतोय, सायकलला नाही!”

“दारालाही नाही!”

सोलांजने मोकळ्या हाताने किल्ली लावली, दार ढकललं आणि आतल्या जिन्यात दिसेनाशी झाली. थोडा वेळ फक्त पावलांचा आवाज आला. मग वरच्या खिडकीतून निळं चाक बाहेर आलं आणि त्याच्यामागून लालबुंद झालेलं सोलांजचं तोंड. रस्त्यावर टाळ्या पडल्या. जोझियानने टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग खाली ओरियानशी घासाघीस सुरू झाली. एका गिअरची ती निळी सायकल सोलांजच्या गुडघ्याला रुळांजवळच्या चढावर परवडणार नव्हती, म्हणून मागे गिअर बसवायचे ठरले. ते जड. वितळत्या बर्फाचा चिखल पाठीवर नको, म्हणून मडगार्ड. तेही जड. एक घंटी. ओरियानने बोटांवर हिशेब केला आणि तिचा चेहरा पडला. “आणि कुलूप तर घ्यावंच लागेल मादाम. अशा सायकलवर चोरांचा डोळा असतो.” तिने पेटीतून मनगटाएवढ्या कड्यांची साखळी काढली. सोलांजने ती हातात घेतली नि तिचा हात खाली गेला.

“हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड झालं. मला सांग, ही सायकल कुलपात राहणार कधी? चौकात ती माझ्या खांबाला टेकलेली, हाताच्या अंतरावर. घरी ती वर. माझ्या नजरेआड ती जाणारच नाही. ठेव तुझी साखळी.”

ओरियानने विचार केला. “हे मात्र खरं,” ती म्हणाली आणि साखळीच्या वजनात गिअर, मडगार्ड, घंटी सगळं बसलं.

ओरियान निळी सायकल गिअर बसवायला घेऊन गेली, बाल्कन्या रिकाम्या झाल्या. मायलेकी वर स्वयंपाकघरात बसल्या. जोझियानने मेपलच्या पाकातलं पुडिंग आणलं होतं, ते दोघींच्या मध्ये तसंच पडलं होतं. सोलांजला जिंकल्याचा आनंद इतका झाला होता की लेकीचा चेहरा तिने बराच वेळ पाहिलाच नाही.

“मग? आता तोंड उघडणार नाहीस ना?”

“नाही.”

“खोकी परत ने. की मी टोमॅटोसाठी ठेवू?”

जोझियानने चमचा खाली ठेवला. “ठेव. मला कशाला हवीत? मला एवढं मोठं घर तरी कशाला हवंय? एत्येन मला सोडून गेल्यापासून मी संध्याकाळी घरी येते आणि टीव्ही लावते, कोणीतरी बोलावं म्हणून. मला वाटलं, तू खाली असशील. वर सुपाचा वास येईल. गुडघ्याचं आपलं निमित्त. पण तू अशी चढलीस की आता निमित्तही उरलं नाही.” आणि ती चाळिशीची बाई लहान पोरीसारखी हमसून रडायला लागली.

सोलांज उठली आणि लेकीचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. आपण इतके दिवस जिन्याशी भांडत होतो आणि पोर दाराशी उभी होती, हे तिला आत्ता कळलं, आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं.

“अगं वेडे, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? म्हणायचं सरळ, आई, मला एकटं वाटतं. मी गुडघ्याचा कज्जा लढत बसले उगाच.”

“म्हटलं असतं तर आली असतीस राहायला?”

सोलांज खोटं बोलली नाही. “नसते आले. चौक आहे, हे घर आहे, मी इथे सुखात आहे गं. तुझ्या तळघरात मी सुकले असते आणि तुझं डोकं खाल्लं असतं.” तिने लेकीचे केस मागे सारले. “पण आले असते. दर रविवारी आले असते.”

“दोन मेट्रो आणि एक बस. रविवारी ती बसही नसते.”

“बस कोणाला हवीये? पुलावर सायकलची वाट आहे.”

“झाक-कार्तिए पुलावरून? तू? केवढा चढ आहे तो!”

“मला उचलून दाखव म्हणालीस, दाखवली. आता चालवून दाखवते.”

एप्रिल असाच सरला. घरमालकाला सोलांजने काहीही लिहून दिलं नाही. आठवडाभर ती दिवसातून तीनदा खाली आणि तीनदा वर करत राहिली, चौकात सगळ्यांच्या आधी पोचत राहिली. अर्माँने आता तिच्या चढण्याकडे बघणं सोडून दिलं, कारण त्यात काही घडतच नव्हतं, अशी त्याची तक्रार होती.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ती पुलाला लागली. पाठीवरच्या पिशवीत सुपाचा डबा, घट्ट झाकणाचा. पुलाचा चढ खरोखरच मोठा निघाला. खाली नदी करडी, वारा आडवा, बाजूने गाड्यांची घरघर. तिने एक गिअर उतरवला, मग दुसरा, आणि मग उतरवायला गिअर उरला नाही. गुडघा कुरकुरला. सोलांजने त्याला चार शब्द सुनावले आणि पायडल मारत राहिली. तरणीताठी पोरं “सुप्रभात मादाम” म्हणत पुढे गेली, तिने त्यांच्यावर चिडायचीही ताकद वाचवली.

पुलाच्या अगदी माथ्यावर, कठड्याला टेकून, कोणीतरी उभं होतं. बाजूला एक गंजकी सायकल, गॅरेजमधून नुकतीच काढलेली. चाकात हवाही पुरेशी नव्हती. अंगात पावसाळी जाकीट, तोंड लाल, केस वाऱ्याने उभे.

“जोझी? तू इथे काय करतेयस?”

“तुला आणायला आले.” तिला नीट बोलताही येत नव्हतं. “अर्धा चढ ढकलत आणली, आई. मेले मी.”

सोलांज उतरली. दोघी शेजारी शेजारी, कठड्याला पाठ लावून, श्वास परत यायची वाट बघत राहिल्या. एका हाताला शहर, दुसऱ्या हाताला लाँगेय. जोझियानने आईची बाही धरून ठेवली होती, वारा होता म्हणून असेल.

“मग आता कुठे जायचं?” थोड्या वेळाने तिने विचारलं. “तुझ्याकडे की माझ्याकडे?”

सोलांजने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

“तू सांग,” ती म्हणाली. “इथून दोन्हीकडे उतारच आहे.”